पडदे नसलेल्या वाद्याची शिकवणी

सतारीला पडदे असतात, गिटारलाही असतात. पेटीला तर पट्ट्याच असतात. बोट पडलं की सूर ठरलेला. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर मात्र कसलीच खूण नसते. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर तारेचा वाजणारा भाग साधारण ३२८ मिलिमीटरचा. मोकळी तार षड्ज मानली, तर शुद्ध रिषभ वरच्या टोकापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर सापडतो आणि कोमल रिषभ विसाच्या आसपास. म्हणजे दोन रिषभांमधलं अंतर जेमतेम एका बोटाच्या रुंदीएवढं, आणि वरच्या सप्तकात तेही निम्म्यावर येतं. तिथे बोट एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी जाणत्या श्रोत्याच्या कपाळाला आठी पडते.

नवशिक्याची खरी अडचण पुढेच आहे. आपण चुकलो हेच त्याला कळत नाही. कान तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर चुकीच्या जागेवर बोटं पक्की बसून जातात. म्हणून हे वाद्य शिकताना समोर एक शिक्षक, शेजारी एक विद्यार्थी आणि मध्ये तानपुरा, ही जुनी व्यवस्था अजून टिकून आहे. यूट्यूबवरचे उत्तम धडे वाजवून दाखवतात, पण विद्यार्थ्याचं ऐकत नाहीत.

पहिले काही महिने तसे रुक्षच असतात. डावा हात जवळजवळ रिकामा. सगळं काम उजव्या हाताचं. गजावर अंगठा किंचित वाकलेला, करंगळी वरून अलगद टेकलेली, खांदा सैल. गज घोडीला समांतर फिरला पाहिजे, तिरका गेला की आवाज घोगरा येतो. एकच मोकळी तार, एक लांब गज, श्वासासारखा सावकाश. बरेच शिक्षक विद्यार्थ्याला आरशासमोर उभं करतात, कारण गज तिरका जातोय हे वाजवणाऱ्याच्या कोनातून नीट दिसत नाही. काही जण पट्टीवर बारीक चिकटपट्ट्या लावून स्वरांच्या जागा दाखवतात. त्या तात्पुरत्या असल्या तर ठीक. वर्षभर त्या तशाच राहिल्या तर विद्यार्थी डोळ्यांनी वाजवायला शिकतो, कानांनी नव्हे.

हौसेने आणलेलं नवं व्हायोलिन घरी वाजतच नाही, अशीही तक्रार शिक्षकांच्या कानावर येते. वाद्य बिघडलेलं नसतं, गजाला राळ लावलेली नसते. गजाचे घोड्याचे केस राळेशिवाय तारेवरून नुसते घसरतात. वाजवून झालं की गज सैल करायचा, हेही पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत त्याच घसरतात. तेव्हा सूर लावणं हासुद्धा शिकवणीचाच भाग. लहान मुलांच्या बाबतीत पहिली काही वर्षं हे काम शिक्षक किंवा पालकच करतात.

शिकायचं कुठल्या पद्धतीने, हा निर्णयही आधी घ्यावा लागतो. पाश्चात्य वादक उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवतो. भारतीय वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं वळणदार टोक उजव्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरं टोक छातीशी, डाव्या खांद्याखाली ठेवतो. या बैठकीमुळे डाव्या हातावर वाद्य पेलण्याचा भार राहत नाही, आणि हात मोकळा असेल तरच मींड मनासारखी ओढता येते. रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत युरोपीय वादकाकडून हे वाद्य शिकले आणि त्यावर त्यांनी कर्नाटक संगीत उतरवलं. आज दक्षिणेत व्हायोलिनच्या साथीवाचून मैफल क्वचितच होते. उत्तरेत ते रुळायला आणखी शतकभर लागलं.

गोव्यात मात्र ही वाट वेगळी होती. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना संगीत शिकवलं जाई आणि तिथला क्रम ठरलेला होता: आधी सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून स्वर गाणं, मगच व्हायोलिनला हात. त्या शिस्तीतून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईचे सिनेमाचे स्टुडिओ भरून टाकले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव आलं ते शिष्याने गुरूला दिलेल्या मानवंदनेतून. सिनेमाच्या गाण्यात अमर झालेले व्हायोलिनचे खासगी शिक्षक दुसरे कोणी असतील असं वाटत नाही.

महाराष्ट्रात हिंदुस्थानी व्हायोलिन बहुतांशी गायकांच्या सावलीत वाढलं. गजाननराव जोशी मुळात गवई. व्हायोलिन त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केलं. गुरूशिवाय शिकता येतं याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. व्हायोलिन हाती घेतलं तेव्हा गाण्याने त्यांचा कान तयार झालेला होता. गोव्यातले श्रीधर पार्सेकर, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर जुगलबंदी रंगवणारे व्ही. जी. जोग, विघ्नेश्वर शास्त्रींकडे शिकलेले डी. के. दातार, आणि सुधीर फडक्यांचे सहायक राहिलेले, भावगीताचे शब्दसुद्धा तारांतून ऐकू यावेत असं वाजवणारे प्रभाकर जोग या सगळ्यांच्या वादनात गळा ऐकू येतो. एन. राजम तर ओंकारनाथ ठाकुरांकडे, म्हणजे थेट गायकाकडेच शिकल्या. त्यांची कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याही व्हायोलिनवादक. या घराण्यात वर्ग आणि घर वेगळं नव्हतंच. ‘आधी गाऊन दाखव, मग वाजव’ असं आजचे शिक्षक म्हणतात, त्यामागे ही सगळी परंपरा आहे.

एक पद्धत सोडून दुसरीकडे जाता येतं का? येतं. गोव्याचे मिलिंद रायकर आधी पाश्चात्य व्हायोलिन शिकले, मग दातारांचे शिष्य झाले आणि पुढे किशोरी आमोणकरांकडेही शिकले. पण असा प्रवास करणाऱ्याला बैठक, गज आणि कान हे तिन्ही नव्याने घडवावे लागतात. आठ वर्षांच्या मुलाला सोमवारी एक पद्धत आणि गुरुवारी दुसरी शिकवायला पाठवणाऱ्या पालकांनी ही घाई करू नये.

सुरुवात कुठल्या वयात करावी, या प्रश्नावर जपानच्या शिनिची सुझुकींचं उदाहरण द्यावंच लागतं. त्यांच्या वडिलांचा नागोयात व्हायोलिनचा कारखाना होता. तरीही सुझुकींनी वाद्य हाती घेतलं ते वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, व्हायोलिनवादक मिशा एल्मन यांची ध्वनिमुद्रिका ऐकून. पुढे त्यांनी मात्सुमोतोमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवण्याची पद्धत उभी केली. मूल मातृभाषा जशी ऐकून, पुन्हा पुन्हा म्हणून शिकतं, तसंच संगीत शिकावं हे तिचं सूत्र. वाचन नंतर, ऐकणं आधी. या पद्धतीत आई किंवा वडील वर्गात बसतात, पहिली धून स्वतः शिकतात आणि घरी सराव घेतात. आपल्याकडे मुलाला क्लासच्या दारात सोडून बाजारहाट उरकणाऱ्या पालकांना हे जड वाटेल. पण लहान मुलांची शिकवणी बंद पडते ती बहुधा घरच्या सरावाअभावी, आणि तो पाच वर्षांच्या मुलाने एकट्याने करावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

वयाबद्दल विज्ञानाचंही म्हणणं आहे. १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीचं क्षेत्र इतरांपेक्षा मोठं आढळलं आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक जास्त होता. म्हणजे मंचावरचा वादक व्हायचं असेल तर लवकर सुरुवात केलेली बरी. निवृत्तीनंतर दोन अभंग आणि चार भावगीतं सुरेल वाजवायची असतील, तर त्या निष्कर्षाने खचून जाण्याचं कारण नाही. मोठ्या माणसाला समजतं लवकर, पण त्याचे खांदे ताठ असतात आणि कानाला जे आवडतं ते हाताला जमत नाही याचा त्याला राग येतो. रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. मान किंवा मनगट सतत दुखत असेल तर धरण्याची पद्धत चुकते आहे. ते अंगावर न काढता शिक्षकाला लगेच सांगावं.

मुलांसाठी वाद्याचा आकार महत्त्वाचा. व्हायोलिन १/१६ पासून १/८, १/४, १/२, ३/४ आणि पूर्ण अशा मापांत मिळतं. साधारण अकरा-बारा वर्षांनंतर पूर्ण आकार पेलतो. हात लांब करून वाद्याचं टोक तळव्यात कुठवर येतं ते पाहून शिक्षक माप ठरवतात. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसं व्हायोलिन घ्यायचं नसतं. मोठ्या वाद्यावर छोटी बोटं ताणली जातात आणि सूर कधीच जागेवर पडत नाही. मूल वाढेल तसं वाद्य बदलावं लागतं, म्हणून जुनं किंवा भाड्याचं मिळालं तर उत्तम.

परीक्षांचंही एक वेड आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा असोत की ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या आठ ग्रेड, त्यांनी अभ्यासाला शिस्त लागते यात शंका नाही. पण वर्षभर नेमक्या तीन-चार रचना घोटून प्रमाणपत्र मिळवणारं मूल ओळखीचं गाणं ऐकून वाजवू शकत नसेल, तर शिकवणीचा पाया कच्चा राहिला आहे.

आता शिकवणी पडद्यावरही होते. पुण्या-मुंबईतले शिक्षक अमेरिकेतल्या मराठी मुलांना शिकवतात. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. शिवाय व्हिडिओ कॉलची अ‍ॅप व्हायोलिनचा लांब सूर गोंगाट समजून कापतात, म्हणून मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय सुरू करावी लागते. निदान पहिले सहा महिने तरी शिक्षक प्रत्यक्ष समोर असावा. विद्यार्थ्याचा कोपर हाताने धरून वळवण्याचं काम कॅमेऱ्याला जमत नाही.

क्लास निवडताना फलकावरची नावं आणि फी यांपलीकडे पाहावं. एखाद्या तासाला बसू द्याल का, असं विचारावं. शिक्षक विद्यार्थ्याचं वाद्य स्वतः सुरात लावतात का, तानपुरा सुरू ठेवतात का, चूक थांबवून लगेच दुरुस्त करतात की गाणं संपेपर्यंत जाऊ देतात, हे अर्ध्या तासात कळतं. आणि वाद्य विकत घेण्याआधी शिक्षक ठरवावा. वाद्य निवडायला त्यांनाच सोबत न्यावं.