तीनशे पंधरा रायफलीत काडतूस अडकतंय? कानस उचलण्याआधी मॅगझिन बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लेखी अवतार. हेडफोन नसले तरी चालतंय.

आजचा विषय एका वाक्यात सांगतो. बोल्ट मागं ओढला, पुढं ढकलला आणि काडतूस अर्ध्यावरच अडकून बसलं. शिराळा, पाटण, जावळी या पट्ट्यात पीक राखणीसाठी परवान्याची रायफल असलेली घरं आहेत. परवाना वडिलांच्या नावावर असतो, आणि मोबाइलवर उपाय शोधायचं काम पोराकडं येतं. म्हणून हा भाग तुमच्यासाठी. पण परवाना ज्याचा, रायफलीला हात त्याचाच. तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा.

कायद्याचं दोन ओळींत उरकतो. कंपनी हिला ‘स्पोर्टिंग रायफल’ म्हणत असली, तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. रानडुकरानं अख्खा भुईमूग उकरला तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालणं हा गुन्हाच. पुढचं सगळं रायफल नीट आणि सुरक्षित ठेवण्याबद्दल आहे.

आता रायफलीकडं येऊ. आपल्याकडं जी बोल्टवाली रायफल जास्त दिसते ती .३१५ बोअरची, पश्चिम बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. हिचं यंत्र म्हणजे जुनी लष्करी ली-एनफिल्ड. फौजेच्या .३०३ काडतुसाची रायफल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही, म्हणून त्याच घाटाची रायफल वेगळ्या काडतुसासाठी बनली. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली, तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा. .३०३ मध्ये काडतूस भरायची पद्धत त्यांची बोटं अजून विसरली नसतील. आणि अडकण्याचं अर्धं उत्तर त्या भरण्यातच आहे.

.३१५ चं काडतूस हातात घेऊन बुडाकडं बघा. पितळी काठ नळकांड्याच्या बाहेर आलेला दिसतो, जेवणाच्या डब्याच्या झाकणासारखा. याला रिम म्हणतात. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं एकावर एक बसतात. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढं, म्हणजे नळीच्या बाजूला असली, तर बोल्ट वरचं काडतूस सुळकन पुढं नेतो. तीच रिम खालच्याच्या मागं पडली, तर वरचं काडतूस पुढं सरकताना खालच्याच्या रिमला धडकतं. मग दोघंही जागच्या जागी गच्च. माणूस जोर लावतो, आणखी घट्ट बसतं. मग ‘कंपनीच खराब’ अशी शिवी.

इथं रायफलीचा काही दोष नसतो. भरताना प्रत्येक काडतूस खाली दाबायचं, आणि त्याची रिम खालच्याच्या पुढं बसली का ते नजरेनं बघायचं. पाच काडतुसांना फार तर अर्धा मिनिट जास्त लागतो. भरलेलं मॅगझिन खिशात टाकून हिंडायचं नाही, आपटायचंही नाही. त्यानं नीट बसलेल्या रिमा पुन्हा मागं-पुढं होतात.

दुसरं कारण म्हणजे अर्धवट बोल्ट. हे जरा सावकाश वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो. या यंत्रात काडतूस चेंबरमध्ये पूर्ण गेल्यावर, अगदी शेवटी, एक्स्ट्रॅक्टरची नखी रिमला पकडते. तुम्ही बोल्ट जवळजवळ पुढं नेला, मन बदललं आणि पूर्ण बंद न करताच मागं ओढला, तर काय होतं? नखीनं काही पकडलेलंच नसतं. जिवंत काडतूस चेंबरमध्येच राहतं, बोल्ट रिकामा मागं येतो आणि परत पुढं जाताना दुसरं काडतूस घेऊन जातो. या दुसऱ्याचं टोक पहिल्याच्या बुडावर आपटतं, आणि तिथंच तर प्राइमर असतो. अशा वेळी जोर लावणं म्हणजे हातोडीनं प्राइमर ठोकण्याचाच प्रकार.

त्यातून या रायफलीची एक खोड आहे. हिची स्प्रिंग बोल्ट पुढं नेताना ताणली जाते, म्हणून शेवटच्या टप्प्याला बोल्ट जड लागतो. नवख्याला वाटतं काहीतरी अडलं, आणि तो तिथंच थांबतो. तो जडपणा नेहमीचाच आहे. रिकाम्या रायफलीवर, मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासून हा जोर केवढा असतो ते हाताला ओळखीचं करून घ्यायचं. मग खरं अडकणं कुठलं ते लगेच कळतं.

अडकलंच तर? नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब, बोल्ट हळू पूर्ण मागं. मगच मॅगझिन काढायचं. हा क्रम पाळायचाच, कारण मॅगझिन सोडवायची कळ ट्रिगर गार्डच्या आतच असते. बोल्ट पुढं असताना घाईत तिथं बोट घातलं तर ते नेमकं कुठं लागेल, तुम्हीच ठरवा. मॅगझिन निघाल्यावर चेंबरमध्ये बघा. तिथं काडतूस राहिलं असेल आणि बोल्टनं निघत नसेल, तर सळई घालून ठोकायचं नाही, स्क्रू-ड्रायव्हरनं उचकायचं नाही. रायफल तशीच उघडी ठेवून जाणकाराला बोलवायचं.

आता मॅगझिन. वरच्या दोन दुमडलेल्या कडांना मॅगझिनचे ओठ म्हणू. काडतूस किती उंचीवर आणि कुठल्या कोनात वर यायचं ते हे ओठ ठरवतात. मॅगझिन फरशीवर एकदा पडलं आणि ओठ जरा वाकला, की काडतूस तिरकं वर येतं आणि टोक चेंबरच्या काठाला थटतं. यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे पक्कड. कृपा करून नको. वाकलेला ओठ दोनदा उलट-सुलट वाकवला की पत्र्याला चीर जाते, मग मॅगझिनच बदलावं लागतं. चेंबरच्या तोंडावर कानस मारणं तर त्याहून वाईट. मॅगझिन बदलता येतं, घासलेलं चेंबर परत येत नाही.

हवामानाचाही यात हात आहे. पश्चिमेला, कोयनेच्या बाजूला, पावसाळ्यात मॅगझिनच्या आत गंज धरतो, आणि काडतुसं वर ढकलणारी पट्टी अडखळते. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडं पाऊस कमी पण धूळ बेसुमार. तिथं तेल जास्त लावलं की धूळ चिकटून काजळीसारखा चिखल होतो. त्यात निवडणुका. २०२४ मध्ये ७ मे ला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. अशा काळात अनेकांना हत्यार जमा करावं लागतं. परत आलेली रायफल तशीच कपाटात न ठेवता मॅगझिन खोलून कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा नुसता हात फिरवा. काडतुसांना आणि चेंबरला मात्र तेल नको. तेलकट काडतूस चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, सगळा दणका बोल्टवर येतो. हिरवट डाग पडलेली किंवा चेपलेली काडतुसं बाजूला काढा. ती बोल्टनं रेटून बसवायची नसतात.

घरात किंवा भावकीत अशा दोन रायफली असतील तर साफ करताना बोल्टची अदलाबदल होऊ देऊ नका. दिसायला जुळे वाटले तरी प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला जुळवलेला असतो. नंबर बघून घ्या.

एवढं करूनही अडकत असेल तर परवानाधारक गनस्मिथ गाठायचा. शस्त्र दुरुस्तीच्या धंद्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळं वेल्डिंगवाला दोस्त कितीही कलाकार असला तरी त्याच्याकडं नाही. जाताना रायफल रिकामी, परवाना सोबत, आणि एक नोंद नक्की न्यायची: कितवं काडतूस अडकतं? भरलेल्या मॅगझिनमधलं पहिलंच अडकत असेल तर संशय ओठांवर. शेवटची एक-दोन वर येत नसतील, बोल्ट त्यांच्यावरून नुसताच सरकत असेल, तर स्प्रिंग थकली असेल किंवा पट्टी गंजली असेल. मॅगझिन हातानं वर दाबून धरल्यावर नीट चालत असेल तर ते धरणारी कळ झिजली असणार. कधी दुसरं, कधी चौथं, काही नेम नाही, असं असेल तर गनस्मिथकडं जाण्याआधी घरी बसून रिमा परत एकदा बघा.