आमरी व कीटकभक्षी रोपांची देवघेव

आमरीची व कीटकभक्षी वनस्पतींची हौस असणारे बागाईतदार आपसांत रोपांची अदलाबदल करितात. तींत पैसा नसला तरी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : रोप घरीं वाढविलेलें, कीं रानांतून ओरबाडलेलें? सीतेची वेणी झाडाच्या सालीस मुळांनीं घट्ट धरून असते. ओढून काढतांना मुळें तुटतात व ती बहुधा जगत नाहीं. तिचें धुळीसारखें बीं विशिष्ट बुरशीवांचून रुजत नाहीं, म्हणून रानांतील तूट लवकर भरत नाहीं. मेघालयांतील घटपर्णीस १९९१ च्या दुरुस्तीपासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण असून ती रानांतून उपटणें गुन्हा होय.

द्यावयाचेंच तर डेंड्रोबियमच्या जुन्या गड्ड्याचे तीन-चार कांडांचे भाग करून द्यावे. आपल्या सड्यांवरील दवबिंदू वर्षायु आहे, सबब त्याचें बींच कागदाच्या पुडींत द्यावें. घेणाऱ्यासही तेंच सोयीचें.

भाईंदर हा मिठागरांचा मुलूख. येथील मचूळ विहिरीच्या पाण्यानें दवबिंदू मरतो. पन्हळीचें पावसाचें पाणी सांठवून तेंच घालावें. शेणखत तर चिमूटभरही नको. आपणां शेतकऱ्यांचा हात येथेंच आवरत नाहीं!