ताप उतरल्यानंतरचे ४८ तास

डेंग्यूच्या विषाणूचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर. २०,००० विषाणू एका ओळीत लावावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम पावणेअकरा हजार अक्षरांचा. माणसाचा ३०० कोटींचा. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो वर्षाला सुमारे ३९ कोटी लोकांना गाठतो, असा २०१० सालचा गाजलेला अंदाज आहे. २०२४ मध्ये तर जगभरात नोंद झालेले रुग्णच १.४ कोटींच्या वर गेले.

आता १५ किलो वजनाचं, तीन-चार वर्षांचं एक मूल घ्या. त्याच्या अंगात रक्त साधारण १२०० मिलिलिटर. घनमिलिमीटरला अडीच लाख प्लेटलेट्स धरल्या, तर एकूण ३०,००० कोटी होतात. डेंग्यूत अडीच लाखांचे २०,००० झाले की उरतात २,४०० कोटी. त्यामुळे वॉर्डात प्रत्येक आईबापाचा पहिला प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, प्लेटलेट्स किती?"

मुलाचा जीव मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच आकड्यांवर तोललेला असतो. डेंग्यूत केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत झिरपतो. तांबड्या पेशी मागे राहतात, रक्त दाट होतं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ३५ वरून ४२ वर गेला, तर रिपोर्टवर फरक दिसतो फक्त सातचा. हिशेब केला तर या मुलाचा २०० मिलिलिटर, म्हणजे चौथा हिस्सा प्लाझ्मा रक्तवाहिन्यांबाहेर गेलेला असतो. पेलाभर द्रव, आणि थेंबभरही बाहेर सांडलेला दिसत नाही.

रक्तदाबही चकवतो. १००/६० चा १००/८० झाला, तर वरचा आकडा जागच्या जागी असतो. पण दोन आकड्यांतलं अंतर २० वर आलं, की मूल शॉकमध्ये आहे असं डॉक्टर मानतात. तेव्हाही ते बोलत असतं, ओळखत असतं. हात-पाय मात्र गार पडलेले असतात आणि नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात.

ही गळती साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकी ताप उतरताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. नंतर तोच द्रव रक्तात परत येतो. तेव्हा सलाईन कमी केलं नाही, तर फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून सिस्टर दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, पीसीव्ही आणि लघवी मोजत असतात. उपचार न मिळालेल्या गंभीर डेंग्यूत मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. वेळेवर आणि मोजूनमापून द्रव दिला, तर ते एक टक्क्याच्या खाली येतं.

तेव्हा ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळाठलेलं मूल, सहा तास लघवी नाही, यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.