खाऊनही न खाल्लेले अन्न

उपवासाला वरी चालते, मग नाचणी का चालत नाही? दोन्ही तृणधान्येच. दोन्ही सह्याद्रीच्या एकाच वरकस उतारावर, एकाच पावसावर, बऱ्याचदा शेजारशेजारच्या तुकड्यांत पिकतात. तरी घटस्थापनेपासून एक धान्य फराळाच्या ताटात येते आणि दुसरे नऊ दिवस डब्यात बंद राहते. या साध्या प्रश्नाचा मला फार दिवसांचा नाद आहे, कारण ‘प्रथा आहे’ एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. कॅलरी मोजणारे म्हणतात, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी खाणाऱ्याने उपवास केला असे म्हणूच नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण त्यांच्या मदतीला धावून येते. ती म्हण खादाडपणापुरती खरी आहे. पण तिच्यात एक गृहीत दडले आहे, की उपवास म्हणजे भूक सोसणे. हे गृहीत तपासायला निघालो की वाट फार मागे जाते आणि एका वादापाशी येऊन थांबते.

तो वाद शतपथ ब्राह्मणाच्या अगदी आरंभी आहे. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या इष्टीच्या आदल्या दिवशी यजमानाने काय खावे, हा विषय. आषाढ सावयस म्हणतो, काहीच खाऊ नये. न खाणे हेच व्रत. त्यामागचा विचार सुंदर आहे. माणसाने यज्ञाचा संकल्प केला की देवांना ते कळते आणि ते त्याच्या घरी मुक्कामाला येतात. ‘उपवसथ’ या शब्दाचा अर्थ तिथे असा जवळ येऊन राहण्याशी जोडला आहे. घरी माणूस पाहुणा आला तरी त्याच्याआधी जेवणे शोभत नाही, मग देव आले असताना कसे जेवणार? यावर याज्ञवल्क्य अडचण काढतो. काहीच न खाल्ले तर ते कर्म पितरांचे होते. खाल्ले तर देवांच्या आधी जेवल्याचा दोष. म्हणून असे खावे, जे खाऊनही न खाल्ल्यात जमा होईल. ज्याची आहुती दिली जात नाही, ते खाल्ले तरी खाल्ले नाही. मग रानात उगवणारे खावे, वनस्पती किंवा झाडांची फळे.

इथे तिसरा माणूस येतो, बर्कु वार्ष्ण. कोणाच्या फारसा लक्षात नसलेला हा गृहस्थ या चर्चेत एकच मागणी करतो: माझ्यासाठी उडीद शिजवा, उडदाची आहुती कुठे देतात? युक्तिवाद बिनतोड आहे. नियम आहुतीचा असेल तर उडीद सुटतो. तरी ग्रंथ त्याला नाही म्हणतो, आणि नकाराचे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. डाळ ही भात आणि जवाच्या जोडीला येते, त्यांची भर घालते, त्यांच्याच ताटातली आहे. म्हणजे कसोटी दुहेरी झाली. देवाला द्यायचे ते आधी आपण खायचे नाही, आणि त्या रोजच्या अन्नाच्या गोतावळ्यातलेही नाही. आज नाचणीला नकार मिळतो तो मला बर्कूच्या उडदाला मिळालेल्या नकाराच्या जातीचा वाटतो. नाचणी डोंगरावरची असली तरी ती भाकरी आहे, घरचे रोजचे जेवण आहे. वरी तितकी रोजची झाली नाही, म्हणून तिला उपवासाची सूट राहिली.

हा नियम अडीच हजारांहून अधिक वर्षे अखंड चालत आला, असा माझा दावा नाही. उलट मधल्या काळातले शास्त्र त्याच्या आड येते. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी स्मृतिनिबंधांत सांगितल्या जातात. त्यांत पाणी, मूळ, फळ, दूध आणि औषध आहे, तसा हवि, म्हणजे आहुतीचे अन्नही आहे. एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवणे) किंवा नक्त (फक्त रात्री जेवणे) करणाऱ्याला हविष्यान्न म्हणून तांदूळही चालतो. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790च्या सुमारास पुरा केलेला धर्मसिंधु आपल्याकडे घरोघरच्या निर्णयांचा आधार झाला. त्या परंपरेतही उपवास, नक्त, एकभुक्त असे भेद आहेत आणि अन्नाची सूट त्या भेदांप्रमाणे बदलते. यावरून कोणी म्हणेल, शास्त्र तांदळाला इतके दूर ठेवत नाही, तुम्ही वैदिक धागा ओढून आणता. मला उलटे दिसते. पोथीने भाताला वाट ठेवली तरी मराठी स्वयंपाकघराने उपवासाला भात शिजवला नाही. निवडीची वेळ आली तेव्हा लोकव्यवहार याज्ञवल्क्याच्या रानाकडे वळला, आणि त्याला वळवणारे कारण पोथीपेक्षा शेतात अधिक सापडते.

भाद्रपद ते कार्तिक हा काळ पाहा. भात पोटरीतून बाहेर पडतो, लोंब्या भरतात आणि जुने धान्य तळाशी गेलेले असते. श्रौतविधींत याच सुमारास आग्रयण येते: शरदात नव्या भाताची आहुती दिल्याशिवाय यजमानाने नवे धान्य खायचे नाही. आपल्या घटाचे रूपही शेतीचेच आहे. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पेरलेले धान्य, मधोमध पाण्याचा घट आणि नवव्या दिवसापर्यंत वीतभर वाढलेले फिकट पिवळे अंकुर. ते दसऱ्याला टोपीत खोवले जातात. त्यानंतर आश्विन पौर्णिमा, कोकणातली नवान्न पौर्णिमा. भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पाने एकत्र बांधून ‘नवे’ दाराला लागते आणि मग नवा तांदूळ चुलीवर चढतो. कार्तिकात तुळशीच्या लग्नात ऊस, बोरे, आवळे ठेवतात आणि पुष्कळ घरांत तोवर ती तोंडात घालत नाहीत. घट, नवे, तुळस, तिन्हींतून एकच शिस्त दिसते: जे पिकून येत आहे त्यावर आधी हात टाकायचा नाही. शरदातल्या उपवासाचा अर्थ मला या थांबण्यात दिसतो. पोट रिकामे ठेवणे त्याच्या जोडीला येऊ शकते, पण क्रम पाळणे हा त्याचा गाभा आहे.

या मालिकेचे पहिले पान भाद्रपदातल्या ऋषिपंचमीचे. बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हा तिचा नियम. म्हणून अळू, माठ, सुरण, भोपळा, पडवळ, मक्याचे कणीस यांची तेल-फोडणीवाचून शिजलेली भाजी आणि जोडीला न पेरता उगवणारा देवभात. याच पंचमीला गोव्यात नव्या कणसांचे पूजन होते, हा योग अर्थपूर्ण आहे. व्रताच्या कथेत एक ब्राह्मण बैल होऊन आणि त्याची बायको कुत्री होऊन मुलाच्याच घरी जन्मतात. श्राद्धाच्या दिवशी बैलाला उपाशी जुंपतात, आणि खिरीत विष पडलेले पाहून भांडे बाटवणाऱ्या कुत्रीला मार बसतो. रात्री दोघांचे बोलणे मुलगा ऐकतो. बायकोचा दोष म्हणून मासिक पाळीचा विटाळ सांगितला आहे. तो भाग अन्यायाचा आहे आणि तो निःसंकोच टाकून द्यावा. हे व्रत मुळात पुरुषांनाही सांगितले होते, हे म. म. पां. वा. काणे यांनी दाखवले आहे, तेव्हा ते बायकांच्या प्रायश्चित्तापुरते उरण्याचेही कारण नाही. टिकवण्यासारखा आहे तो उपाशी बैल. ज्याने नांगर ओढला त्याच्या पोटात काही नाही आणि घरात खीर शिजते आहे, हे चित्र ज्याने रचले त्याला अन्नामागचे श्रम दिसत होते.

आता सर्वांत जोरकस आक्षेप. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हे सारे मूळचे अमेरिकेतले. बटाट्याला तर नावसुद्धा पोर्तुगिजांकडून मिळाले. साबुदाणाही तिथल्याच कसाव्याच्या कंदाचा. त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या परिसरात 1940च्या दशकात, महायुद्धाने आयात तुटल्यावर उभे राहिले. मग यात सनातन ते काय? पदार्थ सनातन नाहीत, हे मान्यच. पण हेच पदार्थ उपवासात का शिरले आणि गहू-ज्वारी का शिरली नाही, याचे उत्तर आक्षेप देत नाही. याज्ञवल्क्याची कसोटी वगळण्याची आहे: अमुक नको, बाकीचे चालेल. समुद्रापलीकडून आलेले कंद आणि दाणे कोणत्याच आहुतीच्या यादीत नव्हते, रोजच्या भाकरीच्या गोतावळ्यातही नव्हते. त्यांना रानमेव्याची रिकामी जागा मिळाली. बटाटा नांगराखालीच पिकतो, म्हणून ऋषिपंचमीच्या कसोटीला तो उतरत नाही, आणि कडक पाळणारी घरे त्या दिवशी तो टाळतात. जिरे-कोथिंबीर एका घरी चालते, शेजारी चालत नाही. ही विसंगती नसून बर्कूचाच वाद घरोघर चालू असल्याची खूण आहे.

म्हणून खिचडी खाणाऱ्याला ढोंगी म्हणणे मला पटत नाही, तसेच डझनभर फराळी पदार्थांची पाकिटे मांडून नऊ दिवस सण करणेही पटत नाही. पहिल्याने नियम मोडत नाही. दुसऱ्याने नियमाचे कारण विसरले जाते. देव घरी उतरले आहेत, शेतात दाणा भरतो आहे, नांगर ओढणारा अजून जेवलेला नाही, आणि म्हणून आपण आपले रोजचे ताट थोडे बाजूला सारतो, एवढाच या व्रताचा अर्थ आहे. आज बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. पण भाताच्या खाचरात वाकून लावणी आणि कापणी करणारी माणसे आहेतच. नवा तांदूळ शिजवण्याआधी त्यांच्या घरी चूल पेटली का, हे विचारणारा उपवास याज्ञवल्क्यालाही चालला असता.