दिसतंय की!
लेखमाला : नजर – भाग 6

माझ्या आत्याचं वय आता सत्तरीच्या पुढं आहे. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या अंगाला तिचं गाव. ‘आत्या, डोळे दाखवून येऊ’ असं मी चार वर्षं म्हणत होतो आणि ती चार वर्षं एकच उत्तर देत होती, ‘मला दिसतंय की!’ तांदूळ ती अंदाजानं निवडायची, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारायची आणि एसटीच्या पाटीवरचं गाव कंडक्टरला विचारायची. पण दिसत तर होतंच. वाटेवरचा दगड, दारात आलेला माणूस, गोठ्यातली गाय दिसत होती.

शेवटी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच निमित्तानं, तिला नारायणगावात तपासणीच्या खोलीत नेऊन बसवली. तिथल्या मुलीनं भिंतीवरचा तक्ता दाखवायच्या आधी काळ्या प्लास्टिकची एक झाकणी आत्याच्या उजव्या डोळ्यावर धरली आणि म्हणाली, ‘आजी, आता वाचा.’ आत्या गप्प. मग म्हणाली, ‘लाइट गेली का गं?’

लाइट गेली नव्हती. डावा डोळा केव्हाच कामातून गेला होता आणि उजवा एकटा सगळा संसार ओढत होता. हे तिला ठाऊक नव्हतं आणि आम्हा कुणालाही नव्हतं. या भागाचा सगळा मुद्दा त्या झाकणीत आहे. माणसाला दोन डोळे असतात, पण दिसतं एकच चित्र. एक डोळा हळूहळू मावळला तर दुसरा ते चित्र पुरं करत राहतो, आणि मेंदू इतका समंजस की तक्रारही करत नाही. दुखलं असतं तर आपण लगेच गेलो असतो. दाढ ठणकली की जातोच ना? मोतीबिंदू दुखत नाही, चष्म्याचा नंबर दुखत नाही आणि नेहमीच्या प्रकारचा काचबिंदूही दुखत नाही. म्हणून डोळे तक्रारीच्या तारखेला दाखवायचे नसतात, कॅलेंडरच्या तारखेला दाखवायचे असतात.

आता एक गोष्ट थोडी अवघड आहे, पण बोलायला हवी. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके डोळ्यांच्या बाबतीत नशीबवान आहेत. नारायणगावचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय इथल्या घराघरात माहीत आहे. ते उभं करणारे डॉ. मनोहर डोळे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. (डोळ्यांच्या डॉक्टरांचं आडनावच डोळे, यावर इथल्या तीन पिढ्या हसून झाल्या आहेत, तेव्हा आपण पुढं जाऊ.) आदिवासी वाड्यांवर शिबिर घ्यायचं, मोतीबिंदूचे रुग्ण शोधायचे, त्यांना आणून शस्त्रक्रिया करायची, या कामानं कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चुलीपाशी आणि बांधावर उभं केलं. देशभरातही साधारण तेच चाललं होतं. 1976 मध्ये केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूसाठी जो मोठा प्रकल्प झाला, त्यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गात किंवा मंडपात शस्त्रक्रिया करण्याऐवजी रुग्णाला रुग्णालयात आणून शस्त्रक्रिया करायची, ही शिस्त त्याच सुमारास पक्की होत गेली. शस्त्रक्रियेनंतर लागायचा तो जाड भिंगाचा, डोळे भल्यामोठ्या लिंबाएवढे दाखवणारा चष्मा आजोबांबरोबर गेला आणि आता भिंग डोळ्याच्या आतच बसतं.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की शिबिरांनी आपल्याला एक खोड लावली. डोळे ही गाडी आली की दाखवायची गोष्ट, असं आपण धरून चाललो. ‘शिबिर लागेल तेव्हा बघू.’ यात शिबिराचा दोष नाही. शिबिर ज्या आजारासाठी जन्मलं त्याला एकदाच गाठावं लागतं; मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, मोठं काम झालं. पण मुलाचा नंबर दरवर्षी बदलतो, काचबिंदू आयुष्यभर सांभाळावा लागतो, मधुमेहानं बिघडणारा डोळ्याचा आतला पडदा वर्षावर्षाला पाहावा लागतो. यांना मंडप उपयोगी नाही. यांना जवळची एक खोली लागते, ओळखीचं माणूस लागतं आणि गेल्या वर्षीचा कागद लागतो.

त्या खोलीतलं माणूस कोण, याचा इथं फार घोळ आहे. चष्म्याच्या दुकानात काचा कापून फ्रेममध्ये बसवणारे कारागीर असतात. त्यांचं काम वेगळं. शस्त्रक्रिया करणारे, औषधोपचार करणारे ते नेत्रतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. या दोघांच्या मधे ऑप्टोमेट्रिस्ट येतो. चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. नजर मोजणं, नंबर काढणं, डोळ्यात काही बिघाड दिसला तर ओळखून डॉक्टरांकडं पाठवणं हे त्याचं शिक्षण. संबंधित आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यात हा व्यवसायही आला. सरकारी ग्रामीण रुग्णालयात हेच काम नेत्र चिकित्सा अधिकारी करतात. आपल्याला मात्र ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ ही पाटी पुरते. तो कॉम्प्युटर वाईट नाही, पण तो फक्त पहिला अंदाज सांगतो. खरा नंबर ठरतो तो ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत, ‘ही बरी का ती बरी’ असं माणसानं माणसाला विचारत. ज्या ठिकाणी कॉम्प्युटरची चिठ्ठी निघाली आणि दोन मिनिटांत थेट फ्रेम निवडायला सांगितली, तिथं तपासणी झाली नाही, चष्म्याची विक्री झाली.

नीट तपासणी कशी असते? आत्याची झाली ती सांगतो. आधी तक्ता. अक्षरांचा हा तक्ता हरमान स्नेलेन या डच डॉक्टरानं 1862 मध्ये काढला आणि त्याची पद्धत अजून टिकून आहे. आपल्याकडं तो देवनागरीतही असतो, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी नुसत्या तोंड फिरवलेल्या ‘ई’चा, बोटांनी दिशा दाखवायची. अंतर सहा मीटरचं. खोली लहान असेल तर तक्ता पाठीमागं लावून समोरच्या आरशात दाखवतात. चिठ्ठीवर 6/60 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ असा, की चांगल्या डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं ते या डोळ्याला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. आत्याच्या डाव्या डोळ्याला तेही धड दिसत नव्हतं.

मग हनुवटी टेकवून दिव्याच्या यंत्रातून डोळ्याचा पुढचा भाग पाहिला. मग डोळ्याचा दाब. हवेची एक फुंकर येते आणि सगळेच दचकतात. आत्यानं तर खुर्ची मागं ढकलली. साधारण 10 ते 21 हा आकडा ठीक मानतात, पण नुसत्या आकड्यावर काचबिंदू ठरत नाही. दाब ठीक असूनही तो असू शकतो. म्हणून आतली नस पाहावी लागते, आणि ती नीट पाहायला बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. थेंब घातले की अर्धा तास बसायचं, आणि पुढं काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. एकटे मोटरसायकलवर गेला असाल तर घाट उतरून परत येणार कसे, हे आधी ठरवून जा. ‘थेंब नको, मला गाडी चालवायचीय’ असं म्हणून निम्मी तपासणी सोडून येणारे मी त्या बाकावर बसून दोन पाहिले, आणि दोघांनाही मधुमेह होता.

आत्याच्या डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. उजव्यात सुरुवात होती, दाब ठीक, नस ठीक. तिथंही ती म्हणालीच, ‘उजवा पिकू दे की, मग बघू.’ पिकण्याची वाट पाहण्याचा काळ कसा मागं पडला ते मागच्या भागात आलं आहे, परत सांगत नाही.

किती दिवसांनी जायचं, हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत येतो. मूल शाळेत घालायच्या आधी एकदा, आणि चष्मा लागला तर दरवर्षी. डॉक्टर म्हणाले तर सहा महिन्यांनी. चाळिशीपर्यंत काही तक्रार नसेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा चालतं. चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा, साठीनंतर दरवर्षी. मधुमेह असेल तर वय कितीही असो, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत असो, वर्षातून एकदा थेंब घालूनच. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल त्यांनी चाळिशीची वाट पाहू नये.

मुलांचं जरा थांबून सांगायला हवं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथक येऊन मुलं तपासतं. ती चाळणी आहे, पुरी तपासणी नव्हे. ज्याला चिठ्ठी मिळाली त्याला पुढं नेलं पाहिजे, आणि गाडं नेमकं तिथंच अडतं, कारण लावणी असते, काढणी असते, मूल आश्रमशाळेत असतं. मुलाला फळ्यावरचं दिसत नाही म्हटल्यावर बाई त्याला पहिल्या बाकावर आणतात. हेतू चांगलाच, पण त्यानं दुखणं झाकलं जातं. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. तो सात-आठ वर्षांच्या आत धरला तर चांगला वळवता येतो, पुढं फार कठीण होत जातं. काही घरांत तिरळा डोळा भाग्याचा मानतात. असली भाग्यं डॉक्टरांना दाखवावीत.

आणि चाळिशी! जवळच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणणारी आपली भाषा. भिंगाची लवचिकता कधी संपते ते तिनं नावातच नोंदवून ठेवलंय. तरी चाळिशीचा चष्मा हा वाचणाऱ्यांचा, मास्तरांचा आणि तलाठ्यांचा, असं आपण समजतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या 751 कामगारांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची दिवसाची पानखुडणी दुसऱ्यांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. हे वाचताना मला नारायणगावच्या आसपासच्या द्राक्षबागा आठवल्या. मांडवाखाली मान वर करून, छोट्या कात्रीनं घडातले मणी विरळ करणाऱ्या बायका. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, हे काम सुईइतकंच बारीक. त्यांच्यातल्या कितीजणींच्या डोळ्यांवर चष्मा असतो? मी ज्या बागेत पाहिलं तिथं एकीच्याही नव्हता. बागायतदार औषधाच्या फवारणीचं वेळापत्रक पाळतो. टोळीतल्या बायकांची नजर मोजून घेणं त्याच्या हिशेबात बसायला हरकत नव्हती.

बाजारात शे-दीडशेला मिळणारा तयार चष्मा वाईट का? डोळा त्यानं बिघडत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि दूरचा नंबर नसेल तर काम भागतंही. तोटा वेगळाच आहे. जवळचं दिसायला लागलं की माणूस तपासणीला जातच नाही, आणि दाब, नस, पडदा तसेच राहून जातात.

काही गोष्टींना मात्र ना कॅलेंडर, ना बाजाराचा दिवस. अचानक डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखं झालं, विजा चमकल्यासारख्या दिसल्या, डोळा लाल होऊन ठणकला, तर त्याच दिवशी निघायचं. उसाचं पातं किंवा भाताची ओंबी डोळ्यात लागली तरी तसंच. शेतातल्या पानाच्या जखमेतून बुरशी धरते, आणि अशा वेळी मेडिकलमधून आणलेला लाली कमी करणारा थेंब स्टेरॉइडचा निघाला तर ती बुरशी फोफावते. दूध, मध, तूप यांतलंही काही घालायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि निघा.

जाताना जुना चष्मा न्यावा, मागची चिठ्ठी न्यावी, चालू गोळ्यांची पाकिटं न्यावीत. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या औषधात स्टेरॉइड असेल तर ते डोळ्यांच्या माणसाला कळायलाच हवं. येताना नंबरची चिठ्ठी मागून घ्या. चष्मा कुठून करायचा ते तुम्ही ठरवायचं, पण चिठ्ठी तुमची. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाजवळ ठेवा.

आत्याच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर ती पहिल्यांदा काय बोलली ते सांगत नाही. सुनेच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीबद्दल होतं. उजव्या डोळ्यासाठी वर्षानं बोलावलंय. घरी आल्यावर तिनं मला कालनिर्णय खाली काढायला लावला. दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख यांच्या मधे लिहायला जागा शोधली, तर ती तारीख पुढच्या वर्षात पडत होती. मग डिसेंबरच्या पानावर, शेवटच्या चौकोनाच्या खाली, नातीकडून तिनं लिहून घेतलं : ‘नवीन आणल्यावर फेब्रुवारीत डोळे.’

(पुढच्या आठवड्यात : मधुमेह आणि डोळ्याचा पडदा)