चांदी आटली, नोट आली

३० नोव्हेंबर १९१७ रोजी हिंदुस्थान सरकारने एक रुपयाची नोट बाजारात आणली. तिच्यावर पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र छापलेले होते. हातातला कागद हा रुपयाच आहे हे लोकांना पटावे, म्हणून खुद्द रुपयालाच साक्षीला उभे करावे लागले. महिनाभराने, जानेवारी १९१८ मध्ये, अडीच रुपयांचीही नोट निघाली. असल्या आडनिड्या रकमेची नोट कोणतेही सरकार हौसेने काढत नाही. तिजोरीतली चांदी संपत आली होती.

रुपयाचा इतिहास बहुधा राज्यकर्त्यांच्या नावांवरून सांगितला जातो. शेरशहाने पाडला, कंपनीने एकसारखा केला, रिझर्व्ह बँकेने छापला. पण तपशिलात शिरले की दिसते, रुपयाचे रूप जेव्हा जेव्हा पालटले तेव्हा बहुतेक वेळा राज्यकर्त्यांची योजना मागे पडलेली होती आणि निर्णय टंचाईने घेतला होता. कधी चांदीच्या, कधी तांब्याच्या, तर कधी परकीय चलनाच्या.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर शेरशहा सूरीने सुमारे १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया चालवला आणि मोगलांनी तो उचलला. पुढे मोगल सत्ता विरली तशी टांकसाळींची संख्या वाढत गेली. मराठी मुलखात पुण्याचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, गुजरातेकडून येणारा सुरती असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून भावही वेगळा. कोणत्या रुपयाला किती बट्टा लागेल ते सराफ ठरवणार, आणि त्यावरच त्याचे घर चालणार. बाजारातला किरकोळ व्यवहार मात्र तांब्याच्या शिवराईवर होई. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेले, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे नाणे पुढे मराठी टांकसाळींनी वर्षानुवर्षे पाडले आणि इंग्रजी अमलातही ते लोकांच्या हातात होते.

गंमत अशी की पेशवाईतल्या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचेच असे. कंपनीनेही तोच शिरस्ता पाळला. मुंबई इलाख्याच्या रुपयांवर शाहआलम बादशहाच्या कारकिर्दीचे ४६ वे वर्ष छापलेले असे. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी नाण्यावरचे त्याचे ४६ वे वर्ष काही संपेना! लोकांचा विश्वास ज्या ठशावर बसला आहे तो मोडायची कंपनीची छाती नव्हती.

ती छाती १८३५ मध्ये झाली. कलकत्त्याच्या टांकसाळीत कस तपासणारा जेम्स प्रिन्सेप एकसारख्या नाण्यासाठी आग्रही होता. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखात १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकच रुपया आला आणि त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा. त्यातली १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. मुंबईत फोर्टातली टांकसाळ १८२९ पासून वाफेच्या यंत्रांवर चालू झालेली होतीच. यंत्रावर पाडलेला, काठावर बारीक रेघा असलेला हा कलदार रुपया कानशीने घासून चांदी चोरणाऱ्यांना अडचणीचा होता. शिवाय तो एक तोळ्याचा असल्याने वजन म्हणूनही चाले. ऐंशी तोळ्यांचा शेर होई, तेव्हा ज्याच्या घरी बंदे रुपये त्याच्या घरी मापही. खेड्यातली बचत मडक्यात पुरलेल्या रुपयांची असे किंवा ते आटवून केलेल्या गोठ-वाळ्यांची. याच सवयीने पुढे सरकारला घाम फोडला.

कागदी नोटा १८६१ च्या कायद्याने सरकारच्या हाती आल्या. त्याआधी बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँका त्या काढत. पण नोट ज्या विभागाची, तिचे रुपये देण्याचे बंधन त्याच विभागाच्या कचेरीवर. मुंबईची नोट कलकत्त्यात चालेलच असे नव्हते. टपालाने पैसे पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी वाटेतल्या चोरीवर मात्र एक तोड काढली होती. नोटेचे दोन तुकडे करायचे, एक आधी पाठवायचा, पोचल्याचे पत्र आले की दुसरा. दोन अर्धुके जुळली की नोट पुन्हा नोट व्हायची. सरकारी नियमावलीपेक्षा ही युक्ती अधिक काटेकोर होती, असेच म्हणावे लागते.

चांदीचे पहिले मोठे संकट मात्र टंचाईचे नव्हते, ते सुकाळाचे होते. १८७० नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून चांदी बाजारात ओतली, अमेरिकेतल्या नव्या खाणीही जोरात होत्या. एके काळी जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. लंडनला पौंडांत देणी भागवणाऱ्या हिंदुस्थान सरकारला तेवढ्याच पौंडांसाठी अधिकाधिक रुपये मोजावे लागत. शेवटी १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीची दारे लोकांच्या चांदीला बंद केली. तोवर कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. आता रुपयाची किंमत सरकार ठरवणार, एक शिलिंग चार पेन्स, आणि आतली चांदी त्याहून स्वस्त.

या व्यवस्थेची सर्वांत कठोर तपासणी एका मराठी माणसाने केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. जॉन मेनार्ड केन्सने १९१३ मध्ये याच व्यवस्थेची भलामण केली होती. आंबेडकरांचे म्हणणे उलट होते. रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर सोपवले की तो प्रमाणाबाहेर काढला जाणार, आणि महागाईचा मार गरिबावर पडणार. म्हणून रुपयांच्या संख्येलाच कायमची मर्यादा घाला, असे त्यांनी बजावले. ते लिहीत होते तेव्हा महायुद्धाचा अनुभव अगदी ताजा होता.

तो अनुभव असा. युद्धासाठी हिंदुस्थानातून ताग, कातडी, धान्य जात होते आणि त्याचे पैसे इथे रुपयांत द्यायचे होते. मेसोपोटेमियातल्या फौजांचा खर्चही रुपयांत. रुपयांची मागणी फुगत गेली आणि लंडनच्या बाजारात चांदी महाग होत गेली. एका औंसाला ४३ पेन्स ही कडेलोटाची रेघ होती. भाव तिच्यावर गेला की नाण्यातली चांदी नाण्यापेक्षा महाग, म्हणजे रुपया खर्च करण्यापेक्षा आटवण्यात फायदा. जून १९१७ मध्ये सरकारने सोन्याचांदीची नाणी चलनाखेरीज अन्य कामी वापरण्यास बंदी घातली. सप्टेंबरात भाव ५५ पेन्सांवर होता. बंदी हुकमाने मुशीखालचा विस्तव विझत नसतो.

मग आल्या त्या छोट्या नोटा. त्या छापून वेळ मारून नेता येत होती, पण नोट घेऊन येणाऱ्याला चांदी द्यावीच लागे, आणि १९१८ च्या वसंतात मुंबईच्या करन्सी ऑफिसवर तशी झुंबड उडाली. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. त्यातली २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मिळाली. त्याच वर्षी मुंबईत एक नवल घडले. इंग्लंडच्या शाही टांकसाळीची शाखा मुंबईत उघडून इंग्रजी सॉव्हरिन, आपल्या बोलीतली गिन्नी, इथे पाडण्यात आली आणि तिच्या जोडीला १५ रुपयांची सोन्याची मोहोरही. चांदी नाही तर सोने घ्या, अशी ही तऱ्हा होती. दोन आणे, चार आणे, आठ आणेही निकेलमिश्रित धातूत आले. तरीही १९२० च्या फेब्रुवारीत चांदी ८९ पेन्सांवर चढली. पुढे भाव कोसळले आणि एक रुपयाची नोट १९२६ मध्ये बंद झाली. संकट टळले, की छापखाना थांबला.

छापखाना अर्थात विलायतेत होता. नोटा समुद्रमार्गे यायच्या. १९२८ मध्ये नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस सुरू झाला आणि तिथे पहिली नोट छापली गेली ती पाच रुपयांची. आज देवळांच्या आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात नोटांच्या छपाईवर पिढ्या पोसलेली घरे आहेत. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानच्या नोटाही नाशिकहूनच गेल्या. नव्या देशाकडे छापखाना नव्हता, म्हणून भारतीय नोटांवरच ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ अशी जादा अक्षरे छापून दिली गेली. जून १९४८ अखेरपर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच होती. तेव्हा गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय.

दुसऱ्या महायुद्धाने पहिल्याचीच गोष्ट पुन्हा सांगितली, फक्त अधिक वेगाने. १९४० मध्ये फ्रान्स पडला तसे लोकांनी रुपये दडवायला सुरुवात केली. सरकारने एक रुपयाची नोट परत आणली आणि रुपयातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली. व्हिक्टोरियाचे आणि एडवर्डचे जुने रुपये एकामागून एक चलनातून बाद केले. तांबेही बंदुकीच्या गोळ्यांना हवे होते, म्हणून १९४३ मध्ये मध्यभागी छिद्र असलेला, जुन्या लोकांच्या आठवणीतला भोकाचा पैसा आला. अमेरिकेने या वेळी चांदी उसनी दिली, २० कोटी औंसांहून अधिक, आणि ती धातूच्याच रूपात परत करायची होती. १९४६-४७ मध्ये रुपया निकेलचा झाला तो याच हिशेबात. चांदीशी चारशे वर्षांचा घरोबा तिथे संपला. स्वातंत्र्याची पहाट उगवण्याआधीच रुपयाचे अंग बदलले होते. १९५० मध्ये राजाचा मुखवटा जाऊन अशोकस्तंभ आला तो निकेलच्या नाण्यावर. एक रुपयाची ती आणीबाणीतली नोट मात्र टिकली. आजही तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे वचन नसते, अर्थसचिवांची सही असते, कारण कायद्याच्या दृष्टीने ते सरकारचे नाणेच आहे.

पन्नासच्या दशकात टंचाई होती परकीय चलनाची. कुवेत, बहारीन, कतार, ओमान इथे तेव्हा भारतीय रुपयाच चाले. मुंबईत सोने आखातापेक्षा महाग, तेव्हा गलबतांतून सोने इकडे आणि नोटांच्या थप्प्या तिकडे. त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे येत आणि बदल्यात पौंड मागत. चोरट्या सोन्याची किंमत अशी सरकारी गंगाजळीतून चुकती होई. १९५९ मध्ये यावर उपाय म्हणून आखातासाठी वेगळ्या रंगांच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा काढल्या, ज्या भारतात चालणार नव्हत्या. हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये दिनार आणला, आणि जून १९६६ मध्ये डॉलरमागे ४.७६ चा रुपया ७.५० वर उतरवला गेल्यावर उरलेल्यांनीही एकेक करत रुपयाचा निरोप घेतला.

गोव्याची वाट उलटी होती. पोर्तुगीज अमलात तिथे ‘रुपिया’ आणि ‘तांगा’ चालत. १९५९ मध्ये लिस्बनने त्या जागी एस्कुदो आणला. मुक्तीनंतर भारतीय रुपया आला.

टंचाईविना, शांतपणे ठरवून झालेला एक बदल म्हणजे दशमान पद्धतीचा. १ एप्रिल १९५७ पासून १६ आणे, ६४ पैसे, १९२ पैचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० झाले, इथवर ठीक. पण एका आण्याचे होतात सव्वासहा, आणि पाव नवा पैसा कुठल्याच टांकसाळीत पडत नाही. जुनी-नवी नाणी बरोबरीने चालत असल्याने दुकानदार, कंडक्टर, टपाल कारकून सगळ्यांपुढे रूपांतराचे तक्ते टांगलेले असत, आणि अपूर्णांक कोणाच्या पदरात पडायचा यावर रोज हुज्जत. ‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले. चार आणे, आठ आणे मात्र मराठी तोंडातून हटले नाहीत.

आणि आटवण्याचा धंदाही थांबला नाही. २००७ च्या सुमारास भारतीय नाणी चोरून बांगलादेशात नेऊन त्यांच्या पोलादापासून दाढीची पाती बनवली जात असल्याच्या बातम्या आल्या. एका रुपयाच्या नाण्यातून रुपयाहून बरेच अधिक सुटत. त्या दिवसांत सुट्ट्यांच्या नावाने बोंब होती आणि मुंबईतले दुकानदार मोड म्हणून गोळ्या-चॉकलेटे हातावर ठेवत. २०११ च्या नाणे कायद्याने नाणी वितळवणे पुन्हा गुन्हा ठरवले, कमाल शिक्षा सात वर्षे. १९१७ च्या त्या हुकमाचाच हा पणतू. त्याच वर्षी ३० जूनला चार आणे कायमचे गेले. आठ आणे अजून कायदेशीर चलन आहेत, दहा रुपयांच्या देण्यापर्यंत कोणी नाकारू नयेत असा नियम आहे, आणि भाजीच्या गाडीवर ते कोणी घेत नाही.