बुवांचा तार षड्ज लागतो कसा?

गणपतीच्या दिवसांत चारकोपच्या म्हाडा वसाहतींत रात्री उशिरापर्यंत भजनं चालतात. कांदिवलीच्या या भागात कोकणातून आलेली कुटुंबं पुष्कळ. त्यामुळे पखवाज, झांज, हार्मोनियम आणि मागे कोरस हा थाट इथे सगळ्यांच्या ओळखीचा. डबलबारी असेल तर दोन बुवा आमनेसामने येतात, गजर रंगतो आणि आवाज तार षड्जाला जाऊन भिडतो. त्या क्षणी बुवांच्या गळ्यात नेमकं काय चाललेलं असतं? गाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. जोर कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, हे त्यावरूनच कळतं.

मानेवर पुढून बोट ठेवा आणि आवंढा गिळा. वरखाली होते ती गाठ म्हणजे स्वरयंत्राचा पुढचा भाग. तिथे ढालीच्या आकाराची एक मोठी कूर्चा असते. तिच्या खाली अंगठीच्या आकाराची दुसरी कूर्चा, आणि या अंगठीच्या मागच्या कडेवर दोन चिमुकल्या, फिरू शकणाऱ्या कूर्चा. या दोघींपासून पुढच्या ढालीपर्यंत आडव्या पसरलेल्या मऊ घड्यांची जोडी म्हणजे आपले स्वरतंतू. पुरुषांत त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रियांत त्याहून कमी. वर पातळ ओलसर आवरण, त्याखाली लिबलिबीत थर आणि आत स्नायू अशी त्यांची रचना असते. हा मधला मऊ थर फार मोलाचा. त्याच्यामुळेच वरचं आवरण आतल्या स्नायूवर लाटेसारखं सरकू शकतं.

या घड्यांचं मूळ काम गाण्याचं नाहीच. अन्नपाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून राखण करायची, हे त्यांचं काम. पाणी चुकीच्या वाटेला गेलं की ठसका लागतो तो त्यामुळेच. जड पिंप उचलताना आपण श्वास रोखतो, तेव्हाही याच घड्या घट्ट मिटलेल्या असतात. गळ्यावर ताण देऊन गाताना नेमकी ही मिटण्याची सवय आड येते.

आता श्वास. बुवा झटकन श्वास घेतात आणि मग पोटाचे व बरगड्यांचे स्नायू तो हळूहळू सोडतात. श्वास किती भरला यापेक्षा तो कसा खर्च केला, याला जास्त महत्त्व आहे. कुमार गंधर्वांचं उदाहरण मराठी रसिकांना सांगायला नको. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, अनेक वर्षं गाणं बंद राहिलं आणि त्यानंतर छोट्या, नेमक्या स्वरवाक्यांतून त्यांनी आपली गायकी उभी केली.

श्वास खालून येतो तेव्हा घड्या एकमेकींजवळ आलेल्या असतात. हवेचा दाब वाढतो, घड्या खालच्या कडेपासून उघडत जातात, हवेची एक झुळूक निसटते. दाब उतरला की लवचिकपणामुळे घड्या पुन्हा मिटतात, आणि दाब पुन्हा साठू लागतो. मेंदू प्रत्येक कंपनाला वेगळा हुकूम देत नाही. तो घड्या जवळ आणतो आणि त्यांचा ताण ठरवतो. पुढचं काम हवा आणि मांस मिळून करतात. बुवांनी काळी एकमध्ये सूर लावला असेल, तर मध्य षड्जाला हे उघडणं-मिटणं सेकंदाला सुमारे १३९ वेळा होतं आणि तार षड्जाला दुप्पट, सुमारे २७७ वेळा. तासभराच्या गाण्यात या घड्या काही लाख वेळा एकमेकींवर आदळतात.

हार्मोनियममध्ये प्रत्येक स्वराला वेगळी पितळी पट्टी असते. गळ्यात सगळे स्वर ही एकच जोडी काढते, आणि त्यासाठी स्वतःचं रूप बदलते. खर्जात घड्या आखूड, जाड आणि सैल असतात. वर जाताना ढाल आणि अंगठी यांच्यामधला स्नायू आकुंचन पावतो, घड्या ताणून लांब होतात, पातळ होतात आणि कंपनं वाढतात. ढालीच्या खालच्या कडेशी हलकं बोट ठेवून षड्जावरून सावकाश वर जा. दोन कूर्चांमधली लहानशी खाच मिटत गेल्यासारखी जाणवेल.

खरी अडचण इथेच येते. घड्यांच्या आतला स्नायू त्यांना जाड ठेवू पाहतो आणि बाहेरचा स्नायू ताणू पाहतो. रियाज झालेल्या गळ्यात एक हळूहळू सैल होतो आणि दुसरा ताबा घेतो. रियाज नसलेला गायक मात्र खालचा जाडपणा तसाच धरून वर चढतो. मग त्याला दाब वाढवावा लागतो, मानेच्या शिरा फुगतात आणि एका टोकाला आवाज फाटतो. तार षड्ज जोराने लागत नाही, तो ताण बदलून लागतो.

घड्यांपाशी तयार होणारा आवाज मात्र नुसता बारीक भुणभुणाट असतो. घसा, तोंड आणि थोडंफार नाक मिळून त्याला रंग देतात. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही पोकळी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर असते. जीभ, जबडा आणि ओठ हलले की तिचा आकार बदलतो, काही कंपनं उठून दिसतात, काही दबतात. आकार, इकार, उकार यांतला सगळा फरक या पोकळीचा आहे, स्वरतंतूंचा नाही. ऑपेराच्या कसलेल्या गायकांत ३,००० हर्ट्झच्या आसपास कंपनांचा जोर एकवटतो, असं स्वीडनचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिलं. याच पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर कमी असतो आणि आपला कान तीक्ष्ण असतो, म्हणून तो आवाज वाद्यवृंदावरूनही ऐकू येतो. आवाज दूर पोचवायचा तर जबडा मोकळा सोडून, तोंड उघडून गाणं हे गळा ताणण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं.

घड्यांचं हे काम डोळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका गानशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली घशात छोटा आरसा धरून, सूर्यप्रकाशात स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल न्याहाळली आणि पुढच्या वर्षी ती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. आज डॉक्टर बारीक कॅमेरा आणि उघडझाप करणारा प्रकाश वापरतात, त्यात तीच लाट संथपणे सरकताना दिसते.

भजनाच्या बैठकीत गळ्याचा मोठा शत्रू म्हणजे गोंगाट. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज वाढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ साली याची नोंद केली. पखवाज आणि झांजा कानाशी वाजत असताना बुवांना स्वतःचं गाणं ऐकू येत नाही आणि ते ओरडू लागतात. ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडे तोंड करून असतात. त्यातला एक लहान ध्वनिक्षेपक बुवांकडे वळवला तर त्यांचा गळा खूपसा वाचेल. मंडळांनी एवढं आवर्जून करावं.

सतत आदळून घड्यांच्या कडेवर सूज येते, आणि विश्रांती मिळाली नाही तर तिथे गाठी धरतात. मग घड्या पूर्ण मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज घोगरा होतो. त्यावर तंबाखू आणि जागरण आलं तर विचारायलाच नको. गाण्याच्या आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, बसलेल्या आवाजाने गाऊ नका, आणि जोर लावून कुजबुजूही नका. त्यानेही ताणच पडतो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर ज्येष्ठमध चघळत थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू कॅमेऱ्याने तपासून घ्या.